जे आलं ते टोपात

पाळक दिसायच्या आधी त्याचा टोप ऐकू यायचा. मोपेडच्या मागच्या सीटवर सुंभानं बांधलेला जर्मनचा मोठा टोप, आणि त्यावर झाकण म्हणून पालथी घातलेली परात. उधव्याकडून आमच्या पाड्यावर येणारा रस्ता ज्यानं पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. दर खड्ड्याला परात वाजे. आमच्या प्रार्थनाघराला घंटा नव्हती, आणि त्याच्या काळात ती कधी लागलीही नाही. परात वाजली की बाया केस विंचरायला घेत. कुत्री तर माणसांच्या आधी जाऊन बसत.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीसाठी झरीला चालत जावं लागे. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मास्तरानं मला उगीच मारलं, म्हणून मी परत गेलो नाही. अजून गेलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो. लिहिण्यात चूक निघाली तर ती माझी. पण जे सांगतोय त्यात कोणाला चूक दिसली, तर ती त्याची.

पाळकाचं नाव सांगत नाही. नावं घेण्याचा त्यालाच राग होता. तो नगरकडचा. इकडे बदलून आला तेव्हा पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी चमचा. आमच्या पाड्यावर सगळे सगळ्यांना तू म्हणतात. बाप तू, सरपंच तू, देवही तूच. बायको मला तू म्हणते आणि भांडताना आणखी बरंच म्हणते. हा मात्र आल्या दिवसापासून सगळ्यांना तुम्ही. "बाजूला व्हा बाई, टोप गरम हाय," असं तो बकरीला म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दुसरी त्याची खोड म्हणजे एक प्रश्न. रस्त्यात कोणीही भेटो, राम राम नाही, जय ख्रिस्त नाही, थेट, "काय वं, हातात काय हाय?" सुरुवातीला लोक घाबरून हात मागे लपवत. लाकडं घेऊन येणाऱ्या बायांना वाटलं हा जंगलखात्याचा माणूस. मग कळलं, त्याला खरंच तेवढंच विचारायचं असतं. हातात चार कैऱ्या असल्या तर म्हणे, "बेस हाय. रविवारी एक आणा." काही नसलं तर म्हणे, "मग मोकळाच हात आणा, भांडी पडल्यात."

आल्यावर पहिल्याच रविवारी त्यानं सांगून टाकलं की इथे अर्पणाची थैली फिरणार नाही. दुसरीकडे लोक वस्तू आणतात त्यांचा लिलाव होतो. कोंबडी उभी करतात, बोली लागते, ज्याचं घर मोठं त्याची बोली मोठी, आणि बरेचदा ज्यानं कोंबडी आणली तोच ती परत घेऊन जातो. कोंबडीला काही कळत नाही. पाळकाला हे पसंत नव्हतं. त्याचा कायदा वेगळा होता. प्रार्थनाघराबाहेर तीन दगडांवर टोप चढेल. घरातून निघताना हाताला लागेल ते आणायचं, परात उचलायची, आत टाकायचं, परात ठेवायची. कोणी काय टाकलं ते बघायचं नाही, बोलायचं नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही. उपासना संपली की सगळ्यांनी एकत्र बसून तेच जेवायचं.

"जे आलं ते टोपात," असं तो म्हणे.

आणि आलं काय काय! तांदूळ तर मूठमूठ येतच. शिवाय शेवग्याच्या शेंगा, कंद, वाल, एखादं अंडं. एका रविवारी भातात चिकू निघाला, सालीसकट. वाढवणची एक मासेवाली बाजाराला येताना पाड्यावर थांबायची, तिनं मूठभर सुकट टाकली आणि म्हणाली, "घे, उद्या आमच्याकडं मोठं बंदर झालं तं ही पण नाय दिसायची." फाट्यावरचा चहावाला गुजरातचा, त्याचा देव वेगळा, पण वास फाट्यापर्यंत जाई म्हणून तोही येऊ लागला, आणि रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून त्यानं टोपात साखर टाकली. शेवगा, सुकट, चिकू आणि साखर. पाळकानं चमच्यानं चव घेतली, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. बायांना वाटलं प्रार्थना करतोय. मग म्हणाला, "देवाला आवडंल. आपन बी खाऊ."

प्रवचनाचं घड्याळ म्हणजे तोच टोप. परात वाफेनं थडथडायला लागली की आमेन. ज्या रविवारी वाल पडत त्या रविवारी प्रवचन संपता संपत नसे. म्हणून बायांनी आपसात ठरवून वाल आदल्या दिवशीच भिजत घालायला सुरुवात केली.

प्रवचन एकच असायचं, फिरवून फिरवून. येशूच्या भोवती गर्दी जमली, सगळे भुकेले, आणि अख्ख्या गर्दीत एकाच्या फडक्यात पाच भाकरी आणि दोन मासे निघाले, ती गोष्ट. पण पाळकाचं म्हणणं असं की भाकरी आणखीही दोनचार जणांकडे असणार. त्यांनी काढल्या नाहीत. "का काढल्या न्हाईत? थोड्या हुत्या म्हणून! मानसाला नसल्याची लाज वाटत न्हाई. थोडं असल्याची वाटती."

हे तो आतून बोलायचा तेव्हा मी बाहेर चिंचेखाली असायचो. माझा बाप ख्रिस्ती झाला तेव्हा त्याच्याबरोबर मीही झालो, त्यामुळे आत जायला मला कोणी अडवणारं नव्हतं. मीच जात नव्हतो. का, ते येतं पुढे. पण त्याचा आवाज चिंचेपर्यंत बरोबर पोचायचा, आणि मला शंका आहे की तो तेवढाच मोठा लावायचा.

गवंडीकामातला माझा जुना बिगारी म्हणजे बिडीचा राक्षस. वीस वर्षं त्यानं माझ्या हाताखाली माल कालवला, आणि मालात बिडीची थोटकं सापडायची. एका रविवारी त्याच्या घरात खरंच काही नव्हतं. तो टोपाशी येऊन उभा राहिला, बिडीचं बंडल काढलं, परत ठेवलं, परत काढलं. पाळकानं पाहिलं.

"हातात काय हाय?"

"बिडी हाय. टाकू?"

पाळक विचारात पडला. स्वतःचाच कायदा, मोडायचा कसा? मग म्हणाला, "बिडी ऱ्हाऊ द्या. ती पेटवता कशानं?"

"आगपेटीनं."

"मग ती आना. चूल तुम्ही पेटवायची."

त्या दिवसापासून चूल पेटवायचा मान बिगाऱ्याचा. तो इतका तोऱ्यात आला की दुसऱ्या कोणी काडी ओढली तर भांडायला उठे. पाळकाला यायला उशीर झाला तर रिकाम्या दगडांत जाळ करून बसे.

आणि एक शेठ. डहाणूच्या बाजूला त्याची चिकूची मोठी वाडी, आमची निम्मी माणसं तिथे कामाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला फोटोची हौस. तो एकदा जीपमधून तांदळाचं अख्खं पोतं घेऊन आला, बरोबर मोबाइल धरायला माणूस. पाळकानं पोत्याकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं.

"शेठ, टोप भरलाय. एक मूठ बसंल."

"अरे, पण मी पोतं आणलंय!"

"मूठ टाका. पोतं घरोघर वाटू आपन. पण ते काय तुमच्या हातातलं न्हवं, ते गाडीतलं हाय. हातातलं काय?"

शेठनं हात दाखवले. अंगठ्या होत्या. पाळकानं अंगठ्या पाहिल्या आणि प्रेमानं म्हणाला, "त्या काढून खिशात ठेवा. राखंनं घासलं की खराब हुतील." जेवणं झाल्यावर शेठनं तो टोप घासला. मोबाइलवाल्यानं फोटो काढला खरा, पण शेठनं तो कोणाला पाठवला असेल असं वाटत नाही. गंमत म्हणजे त्यानंतर तो सणावाराला यायचा आणि आल्याआल्या अंगठ्या काढायचा.

आता माझं. मी गवंडी. मला सगळे मिस्त्री म्हणतात. तलासरीपासून डहाणूपर्यंत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत, आणि मी ओळंबा न लावता नुसत्या नजरेनं सांगू शकतो की भिंत कुठे पोट काढून आहे. प्रार्थनाघर तीन बाजूंनी कुडाचं, पण मागची भिंत विटांची, ती मीच कधीकाळी बांधलेली. मजुरी घेतली नव्हती. मी असाच. द्यायचं तर भिंत द्यायची, नाहीतर काही नाही. मूठभर तांदूळ घेऊन लोकांसमोर परात उचलणं माझ्याच्यानं झालं नसतं.

मग माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं झोप यायची, हात तसाच. पण त्याच सुमाराला आमच्याकडची जमीनही हलायला लागली होती. आमच्या तालुक्यात हे आता कोणाला नवीन नाही. पोटात गुरगुरल्यासारखा आवाज येतो, पत्रे वाजतात, माणसं बाहेर येतात, थोडा वेळ उभी राहतात, परत आत जातात. माझ्या ते पथ्यावर पडलं. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. ते स्थिर राहिलं पाहिजे. माझ्या हातात ते पाळण्यासारखं झुलायचं. कोणी बघतंय असं वाटलं की मी ओरडायचो, "धक्का आला रे!" आणि मचाणावरची माणसं उड्या टाकून पळायची. मग मीही पळायचो.

असं किती दिवस चालणार? जमीन काही रोज हलत नाही. शेवटी मी काम सोडलं आणि सांगितलं, गुडघे गेले. हात खिशात घालून लंगडत हिंडायचो. दोन वर्षं मी हे निभावलं. पाड्यावर कोणाला पत्ता लागू दिला नाही. गवंड्याचा हात गेला म्हटल्यावर त्याच्या जुन्या भिंतीसुद्धा लोक वाकड्या बघायला लागतात. म्हणून मी चिंचेखाली. आत गेलो तर परात उचलावी लागणार, आणि ती माझ्या हातात वाजणार.

मग एका दुपारी मोठा धक्का आला आणि प्रार्थनाघराची मागची भिंत पडली. माझी भिंत. आत एक कोंबडी होती, ती वाचली. मी जाऊन पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगितलं की भिंतीचा दोष नाही, खालची जमीन सरकली. ते खरंच होतं. पण लोक मान हलवत होते ते मला आवडलं नाही.

नाताळ दीड महिन्यावर. पाळकानं कोणाकडे पैसे मागितले नाहीत. रविवारी उघड्या भिंतीसमोर उभा राहून त्यानं विचारलं, "हातात काय हाय?" आणि दुसऱ्या दिवसापासून माल यायला लागला. माल कसला! कोणी भट्टीवरची लाल वीट आणली, कोणी सिमेंटचा ठोकळा, कोणी नदीतला गोटा. एकानं फुटका पाटा आणला. एकीनं कौलं. शेठ आला नाही पण त्यानं अर्धी गोण सिमेंट पाठवली, अर्धीच, पाळकाचा स्वभाव आता त्याला कळला होता. आणि पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी एक आजी, दर रविवारी टोपात एक लिंबू टाकणारी, तिनं आपल्या चुलीची एक वीट उपटून आणली. चूल एका बाजूला कलली, पण ती म्हणाली, "मला एकटीला किती रांधायचं? वाकडीवर पण शिजतं."

भिंत बांधायला पाळक स्वतः उभा राहिला. मी चिंचेखालून दोन दिवस पाहिलं. ती भिंत नव्हती, म्हैस बसल्यासारखं काहीतरी होतं. तिसऱ्या दिवशी मला बघवेना. पाळक चिखलाचे हात घेऊन माझ्यासमोर आला.

"मिस्त्री, हातात काय हाय?"

"काय नाय. गुडघे गेले."

"गुडघ्यानं कोन भिंत बांधतं? आन परवा तुम्ही डाव्या पायानं लंगडत हुता, आज उजव्यानं."

त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं. हात आत असला तरी खिसा हलत होता.

"थरथरतो," मी म्हटलं. "थापी धरली का माल सांडतो. आता तुला सांगितलं. पाड्यावर बोललास तं तुझी मोपेड विहिरीत टाकीन."

"डावा?"

"डावा बरा हाय."

"डोळा?"

"डोळ्याला काय झालंय? तुझी म्हैस इथून दिसते ती डोळ्यानंच ना?"

"मग पुष्कळ हाय की वं!" तो म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला की मला राग आला.

मी अटी घातल्या. भिंतीला बाहेरून ताडपत्री बांधायची. माणसं वाडीवर आणि कंपनीत गेली की काम करायचं, परत यायच्या आत थांबायचं. आणि माझं नाव कुठे घ्यायचं नाही.

"न्हाई घेनार. कुनाचंच घेत न्हाई मी."

तेव्हा मला ते बरं वाटलं.

ताडपत्रीआड मी डाव्या हातानं थापी धरली आणि पाळक माझा उजवा हात झाला. एवढा वाईट बिगारी मी जन्मात पाहिला नाही. वीट मागितली तर गोटा देई. ओळंबा धरायला सांगितला तर धरून प्रार्थना करी. मी त्याला तू म्हणतच होतो, त्या तीन आठवड्यांत त्यापुढे जे म्हणत होतो ते कागदावर घालण्यासारखं नाही. तो फक्त "व्हय मिस्त्री" म्हणे. पहिल्याच दिवशी मालाची पेज झाली.

"एवढं पाणी कोणी घातलं?"

"सात घरांनी सात हंडे आनले. कुनाचं वतून देऊ?"

"अरे, भिंत म्हणजे टोप नाय!"

"न्हाई कशी? टोपात शिजतं, हितं वाळतं."

तो फुटका पाटा मी तीन वेळा बाजूला टाकला आणि त्यानं तीन वेळा परत आणून ठेवला. शेवटी मी तो पायाशी आडवा बसवला, आणि खोटं का बोलू, तिथे तो फिट बसला. कौलं दोन थरांत घातली. गोटे फोडून आत भरले. सरळ विटांची भिंत कोणीही बांधील. असल्या मालातून ओळंब्यात भिंत उभी करायची म्हणजे डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे होतं. आजीची चुलीची वीट मात्र मी हातात घेऊन बराच वेळ वाजवून बघितली. खणखणीत. भट्टीत एकदा भाजलेली आणि चुलीत रोज. त्या सगळ्या मालात मला मनापासून पसंत पडलेली ती एकच वीट. ती मी मधोमध, छातीच्या उंचीवर बसवली. आजीचं नाव मीही काढलं नाही.

नाताळच्या सकाळी ताडपत्री निघाली. मी चिंचेखाली, हात खिशात. आत गर्दी दाबून भरलेली, बाकीचे दाराबाहेर. शेठ अंगठ्या काढून आलेला. बिगाऱ्यानं पहाटेपासून जाळ लावलेला. चहावाला दुकान बंद करून आलेला. सगळे भिंतीकडे बघत होते, आणि मी त्यांच्या तोंडांकडे. कोणी हात लावून बघत होतं, कोणी पाटा ओळखून हसत होतं. भिंत सुतात होती. मला माहीत होतं. पण मला ते कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

पाळकानं आभार मानायला सुरुवात केली. "वीट आली, देवा तुझे उपकार. गोटा आला, उपकार. पाटा आला. पानी आलं, लई आलं. सिमेंट आलं. मानसाजवळ जे हुतं ते आलं, आन भिंत आली. उपकार." आणि तो पुढच्या गाण्याकडे वळला.

एवढंच! मी चिंचेखाली उभा, आणि माझी कानशिलं तापली. नाव घेऊ नको असं मीच सांगितलं होतं, पण इतकंही ऐकायचं नसतं माणसाचं. निदान 'मिस्त्री' तरी म्हणायचं होतं. मिस्त्री हे काही नाव नाही.

तेवढ्यात दाराशी बसलेली माझी बायको शेजारणीला म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात, "सुरेख झाली ना? डहाणूचा कंत्राटदार आणला होता म्हणे."

शेजारीण म्हणाली, "हां, वाटतंच. आपल्याकडं कुठं असा कारागीर?"

मी कसा आत गेलो ते मला आठवत नाही. लंगडायचं राहून गेलं, एवढं आठवतं. लोकांच्या मांड्यांवर पाय देत मी भिंतीपाशी पोचलो आणि ओरडलो, "कोण म्हणतो डहाणूचा? कंत्राटदाराच्या बापाला जमेल काय? फुटक्या पाट्याची भिंत बांधून दाखव म्हणावं! ही मी बांधली. ह्या हातानं!"

आणि मी हात वर केला. रागात माणूस उजवाच हात वर करतो.

तो सगळ्यांसमोर वर थरथरत राहिला. खाली घेता येईना, कारण आता सगळ्यांनी पाहिला होता. गाणं थांबलं. आत एवढी माणसं, पण परातीची वाफ तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं. आयुष्यभराचं नाव गेलं.

मग बिगारी म्हणाला, "हा नाय, मिस्त्री. डावा दाखव. भिंत डाव्यानं बांधलीस तू."

"तुला कोणी सांगितलं?"

"ताडपत्रीला भोक हाय."

"आणि हात? हा हात कधी बघितलास?"

"दोन वर्षं झाली. तुझा ओळंबा झुलायचा तवा पहिल्या दोन वेळा आम्ही खरंच पळालो. मग कळलं. मग तुझ्यासाठी पळायचो. उड्या मारून माझा पाय मुरगळला, ते पण नाय बोललो."

मी बायकोकडे पाहिलं. ती पदरात हसत होती. आजी म्हणाली, "मला तं कवाच ठाऊक." मागून चहावाला म्हणाला, "अरे काका, मने तो बे वरसथी खबर छे, दोन वरस झाली! म्हणून तं तुझा कप मी अर्धाच भरतो, सांडू नये म्हणून. तू मला कंजूस म्हणतो, मी ऐकून घेतो."

आणि मग सगळं प्रार्थनाघर हसलं. मी आयुष्यात इतक्या माणसांना एकदम माझ्यावर हसताना पाहिलं नव्हतं. हात अजून वरच होता. माझ्यावर हसत होते, पण भिंतीकडे कोणी वाकडं बघत नव्हतं, हे मी त्या गोंधळातही पाहून घेतलं.

पाळकानं चमचा खिशातून काढला. "झालं मिस्त्री? दिलं ना सगळं? मग बसा आता खाली, भात करपतोय."

मी बसलो. जागा नव्हती, शेठ सरकला. त्या दिवशीच्या भातात काय होतं ते सांगत नाही, कायदा आहे. मीठ मात्र तीन जणांनी टाकलं होतं.

पुढे चारेक वर्षांनी पाळक निवृत्त होऊन नगरकडे गेला. टोप घेऊनच गेला. तो त्याच्या बायकोचा होता, आणि ती इतकी वर्षं तिकडे दुसऱ्याच्या टोपात रांधत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही वर्गणी काढून दुसरा आणला. नवा पाळक तरुण आहे, नावं घेऊन आभार मानतो, माईकवरून. चालायचंच.

पण मला जुना पाळक आठवतो तो नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा. सकाळी आम्ही दोघं फाट्यावर चहाला गेलो. चहावाल्यानं सवयीनं माझा कप अर्धा भरला. मी म्हटलं, "पूर्ण भर."

"काका, सांडशे."

"सांडू दे. मी पूर्ण कपाचा माणूस हाय. पूर्ण भर."

त्यानं काठोकाठ भरला. मी हात खिशातून काढला आणि कप उचलला. टपरीवर चारसहा माणसं होती, सगळी दुसरीकडे बघायला लागली. कप हलायला लागला, चहा काठावरून बोटांवर आला, चटका बसला. मी सोडला नाही. पाळकानं आपली बशी सरकवून माझ्या कपाखाली धरली. मी कप तोंडाला लावेपर्यंत जेवढं सांडलं तेवढं त्याच्या बशीत पडलं. मग त्यानं ती बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर मारली, माझा सांडलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि चहावाल्याकडे बघून म्हणाला,

"साखर कमी हाय वं."